पत्रिकेवरचं वळणदार अक्षर

तुळशीचं लग्न लागलं की बेळगावच्या बाजारात पत्रिका छापून घेणाऱ्यांची लगबग सुरू होते. आमच्याकडची पत्रिका म्हणजे तीन लिप्यांचा संसार. आतला मजकूर मराठी. सोयरीक गोकाक-बैलहोंगलकडे जमली असेल तर समोरच्या पानावर कन्नड. आणि पाकिटावर वधूवरांची नावं इंग्रजीत. ती मात्र हमखास त्या हातानं लिहिल्यासारख्या, लफ्फेदार टाइपात.

मला तो टाइप आवडतो. त्याचं कुळ इंग्लंडातल्या ‘कॉपरप्लेट’ वळणाचं, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायच्या अक्षराचं. टोकदार, लवचीक निब खाली ओढताना दाबली की रेघ जाड, वर नेताना हलकी सोडली की केसासारखी बारीक. सगळी ऐट दाबाची. आपल्या बोरूचं टोक तिरकं छाटलेलं; तिथं जाड-बारीक ठरतं ते टोक कुठल्या कोनात फिरलं त्यावर. म्हणून त्या इंग्रजी नखऱ्यावर बेतलेली देवनागरी मागून आणलेला कोट घालून बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवऱ्यासारखी दिसते. शिवाय ती इंग्रजी अक्षरं एकमेकांना पायाशी जोडलेली, आपली शिरोरेघेला लटकलेली. कन्नडला तर सलग रेघच नाही, तिथं अक्षराअक्षराला आपापलं तलकट्टू, म्हणजे डोक्यावरची छोटी रेघ.

मराठीला धावतं अक्षर नव्हतं असं थोडंच आहे? मोडी होती की! आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग हात शक्यतो न उचलता खाली लिहीत सुटायचं. बेळगाव १९५६पर्यंत मुंबई राज्यात होतं. सीमाभागातल्या ट्रंकांमधून जमिनीचे मोडी कागद अजून निघतात आणि ते वाचणारा शोधत फिरावं लागतं. छापखान्यात बाळबोध, म्हणजे देवनागरी, रुळली, मोडी मागे पडली. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, तिला जागा मिळाली २०१४ साली. बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं तेही त्याच वर्षी, पण ते असो.

हल्ली ‘कलम’सारखे फुकट मिळणारे फॉन्ट आहेत. त्यात देवनागरी आणि रोमन एकाच हातानं सहज लिहिल्यासारखी वाटतात. कन्नड मात्र त्यात नाही.

असला टाइप दोन-तीन शब्दांपुरताच गोड. कुंद्याच्या डब्यावर दुकानाचं नाव, साडीच्या पिशवीवर एखादी ओळ, बस्स. इंग्रजीतली सगळी मोठी अक्षरं त्यात लावली तर नुसता गुंता होतो. माझ्या आतेबहिणीला मात्र अख्खी पत्रिकाच तशी हवी होती. डीटीपीवाल्यानं स्क्रीन तिच्याकडे वळवली. “अक्का, दिसतंय झकास, खरं मुहूर्त वाचणार कोण ओ?”

नावं तेवढी तशी राहिली. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता साध्या, ठळक टाइपात गेला. कन्नड पानासाठी त्याच्याकडे तसला फॉन्टच नव्हता, तिथं रोजचाच लावला. छापून आल्यावर सगळ्यात सुबक दिसलं ते तेच पान, आणि आत्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.