पोत्यात आलेला निवडुंग

माझं सांगलीत विश्रामबागला छोटंसं किचन आहे, केक, बिस्किटं आणि चाळीस-पन्नास माणसांपर्यंतच्या पार्टीचं जेवण असं करते. सोबत एक मावशी आणि एक पोरगी, ती बी.कॉम. करत करत दुपारची येते. गेल्या डिसेंबरात एक ऑर्डर आली आणि फोनवर मी दोनदा विचारलं, काय थीम म्हणालात? तर कॅक्टस. ख्रिसमसला कॅक्टस.

फॅमिली इथलीच, मुलगा आणि सून अकरा वर्षं ॲरिझोनात टूसॉनला, दोन्ही पोरं तिकडंच जन्मलेली आणि पहिल्यांदाच २५ डिसेंबरला सांगलीत असणार, म्हणून वहिनींची, म्हणजे त्या सुनेची, इच्छा की पोरांना घरच्यासारखं वाटावं. आता आपल्या डोक्यात ख्रिसमस म्हणजे बर्फ आणि झाडावर कापूस, पण टूसॉन म्हणजे वाळवंट, तिथं लोक अंगणातल्या उंच कॅक्टसलाच लाइटच्या माळा गुंडाळतात. तो दोन हात वर केलेला, आपण कार्टूनमध्ये बघतो तो कॅक्टस. त्याचं स्पेलिंग साग्वारो असलं तरी म्हणताना 'सवारो' म्हणतात (वहिनींच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, पहिल्या दिवसापासून त्याची 'सवारी' करून टाकली). वहिनींनी सांगितलं की त्याला पहिला हात फुटायलाच पन्नास-पंचाहत्तर वर्षं जातात. आणि तिथं चँडलर नावाच्या गावात १९५७ पासून वाऱ्यावर गडगडत जाणारी सुकी काटेरी झुडपं गोळा करून त्याचा ख्रिसमस ट्री करतात. मला हे लय आवडलं, आपल्याकडं बाभळीच्या फेसाटीचा कोण करेल का काय तसला ट्री.

पण घरात काकू होत्या ना. मी डेकोरेशनचं बोलायला गेले आणि 'कॅक्टसच्या कुंड्या' एवढं म्हणायचा अवकाश, काकू आतनं बाहेर. काटेरी झाड उंबऱ्याच्या आत येणार नाही, विषय संपला. काका म्हणाले, अगं पुण्यात विठोबा निवडुंगात सापडला म्हणतात, निवडुंग्या विठोबाच नाव आहे, त्याला चालतं नि तुला चालत नाही? काकू म्हणाल्या, तो देव आहे, त्याला वास्तुशांत करावी लागत नाही. मग तासभर चहा पीत तह झाला की खऱ्या कुंड्या पोर्चमध्ये, आत फक्त चिनीमातीचा, कापडाचा आणि खायचा कॅक्टस. मातीच्या काट्याला वास्तुशास्त्र लागू होत नाही असा निकाल काकूंनीच दिला.

भांडी निम्मी वहिनींनी सुटकेसमधनं आणलेली, निम्मी मी ऑनलाइन मागवली. कुकी कटर, सवारोच्या आकाराची मीठ-मिरीची जोडी, ओव्हनचा हातमोजा ज्यात आपला अंगठा म्हणजे कॅक्टसचा एक हात, आणि चिनीमातीचे चार मेजरिंग कप जे एकावर एक ठेवले की कुंडीतला कॅक्टस तयार होतो. दिसायला इतके गोड की मी हिशोबात न धरता स्वतःसाठी पण एक सेट घेतला. मग सवयीनं पाणी भरून काट्यावर ठेवला (वजनकाट्यावर, निवडुंगाच्या नाही) तर एक कप म्हणून जो होता त्यात २०५ ग्रॅम पाणी बसलं, म्हणजे २४० मिलीला पस्तीस कमी. त्यानं मापून केक केला असता तर बसलाच असता. असले कप शोकेसमध्ये ठेवायचे, पीठ मापायला आपले स्टीलचेच बरे.

बिस्किटांनी पण पहिल्यांदा दगा दिला. नानकटाईच्या पिठाचे सवारो कापले, ओव्हनमधनं काढले तर सगळ्यांचे हात पसरून अंगाला चिकटलेले, ट्रेभर हिरव्या दुधी भोपळ्यासारखं काहीतरी. मग सोडा पूर्ण बंद, मैद्यात थोडी तांदळाची पिठी आणि कापलेले आकार बेक करायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये कडक, तेव्हा कुठं हात हातासारखे राहिले. पण खरी युक्ती मावशींची. म्हणाल्या, ताई, काटा पाहिजे ना, मग हलवा घे की. संक्रांतीचा काटेरी हलवा! मला सुचायला पाहिजे होतं. खसखशीवर मंद आचेवर थेंब थेंब पाक सोडत बोटांनी हलवत राहिलं की साखरेला काटा फुटतो, तो दाणा हिरवा केला की हुबेहूब गोल कॅक्टस, चॉकलेटच्या वाटीत बिस्किटाचा चुरा भरायचा आणि वर हे रोवायचे. दोन दिवस मावशी परातीपाशी बसून होत्या, बोटं भाजत.

आता २४ तारीख.

वहिनींना एक गोष्ट मनापासून पाहिजे होती, निवडुंगाच्या फळाचं सरबत. तिकडं त्याची जेली, सिरप असलं सगळं मिळतं, त्या एक बाटली घेऊन पण आल्या होत्या, गडद गुलाबी. मी म्हणलं अहो हे आपल्याकडं जतला बांधाबांधाला आहे, लहानपणी आम्ही खाऊन तोंडं लाल करून घ्यायचो. मावशींचा भाचा तिकडंच राहतो, त्याला मीच फोन केला, निवडुंगाची बोंडं पाठव आणि टेबलवर मांडायला चार पानं पण टाक. वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या वाक्यानं झालं.

दुपारी चारला टेम्पोनं पोतं आलं. वर पिशवीत बोंडं होती, निम्मी अजून कच्ची, आणि मी पातळ प्लॅस्टिकचे हातमोजे घालून ती निवडायला बसले. त्या बोंडांना मोठे काटे दिसतात त्यांची भीती नसते, भीती असते ती पुंजक्यात बसलेल्या केसासारख्या बारीक कुसळांची, ती हातमोज्यातनं आरपार गेली आणि पाच मिनिटांत माझी बोटं नुसती चुरचुरायला लागली. म्हणून मी नळाखाली हात धरून उभी, आणि पोरगी म्हणाली, ताई पानं मी कापून ठेवते. मी मान पण वळवली नाही. म्हणलं, ठेव.

पोत्याच्या तळाला पानं नव्हतीच. तीन धारांच्या जाड कांड्या होत्या, हात-हातभर लांब. तिनं सुरीनं पहिली कांडी कापली, पांढराशुभ्र चीक टपटप पाटावर, तिच्या बोटांवर. तिला वाटलं फणसासारखाच चीक असेल, तेल लावलं की जाईल. तोंडावर आलेले केस तिनं मनगटानं मागं सारले आणि मग डोळा चोळला.

त्या ओरडण्याचं मी वर्णन करत नाही. मावशींनी तिला ओढत सिंककडं नेलं, मी पापण्या धरल्या, तीच माझी कुसळं भरलेली बोटं, आणि नळाची बारीक धार डोळ्यावर सोडली. दोन मिनिटांत ती म्हणाली बास, मी म्हणलं नाही बास, घड्याळ लावून वीस मिनिटं पाणी. मध्ये कोणीतरी, शेजारच्या दुकानातनं असावं, म्हणालं दूध घाला, कोण म्हणालं तूप घाला, मी कुणाचं ऐकलं नाही आणि माझं आयुष्यात एवढं एकच काम बरोबर झालं असं त्या दिवशी वाटलं. मग रिक्षा, आणि मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, शेराचा चीक का निवडुंगाचा? मी म्हणलं कॅक्टसचा. ते म्हणाले कॅक्टसला सहसा पांढरा चीक नसतो हो, फोटो आहे का? मावशींना व्हिडिओ कॉल लावला, त्यांनी कांडी कॅमेऱ्यापुढं धरली, आणि डॉक्टर म्हणाले, हा त्रिधारी, हा युफोर्बिया आहे, हा कॅक्टसच नाही.

मी अठरा वर्षं स्वयंपाकघरात काम करते आणि हे मला माहीत नव्हतं. आपण मराठीत दोघांनाही निवडुंग म्हणतो. फड्या निवडुंग, म्हणजे पंज्यासारख्या चपट्या पानांचा, तो खरा कॅक्टस, आणि तो बाहेरनं आलेला, मूळचा अमेरिका खंडातला. त्याला कापलं तर पाण्यासारखा बुळबुळीत रस निघतो. आणि त्रिधारी, जो गडांवर, बांधांवर दिसतो आणि आपल्याला अगदी वाळवंटातला वाटतो, तो आपल्याच मातीतला पण कॅक्टसच्या कुळातलाच नाही, त्याचा भाऊबंद म्हणजे कुंपणाला लावतात तो शेर, आणि त्याचा चीक कातडीला नि डोळ्याला दोन्हीला वाईट. कॅक्टसचा काटा छोट्या लोकरी गादीतनं निघतो, त्रिधारीला ती गादी नसते. हे सगळं मी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर वाचत होते, आत पोरीच्या डोळ्यात ड्रॉप चालू होते, आणि बाहेर तिची आई माझ्यासमोर उभी. त्या जे बोलल्या ते बरोबरच होतं. पोरीला जाड हातमोजे दिलेत का? नाही. चष्मा? नाही. काय कापतेय ते बघितलंत का? नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की बुबुळाचा वरचा पापुद्रा सोललाय, पाण्यानं वेळेवर धुतलं ते चांगलं झालं, पण हा चीक असा असतो की आज बरं वाटलं तरी उद्या वाढू शकतं, म्हणून उद्या परत दाखवायचं म्हणजे दाखवायचं. भाच्याला रात्री फोन केला, मी चिडूनच केलेला. तो शांतपणे म्हणाला, ताई तुम्ही निवडुंग म्हणालात, आमच्यात ह्यालाच निवडुंग म्हणतात, बोंडं येतात त्याला आम्ही फड म्हणतो, तुम्ही फडाची पानं म्हणाला असता तर फडाची दिली असती. काय बोलणार.

रात्री साडेनऊला किचनमध्ये परत आले. पस्तीस माणसं, दुसऱ्या दिवशी साडेसातला पार्टी. मक्याच्या पिठाचे, सालीत गुंडाळून वाफवायचे तिकडचे तमाले मावशींनी एकटीनं वळून ठेवलेले. सरबत मात्र नव्हतं. बोंडं खायची आहेत हे मला माहीत होतं, लहानपणी खाल्लेली, पण त्या दिवशी त्या पोत्यातलं काहीही मी कुणाला खाऊ घातलं नसतं. डीप फ्रीजर उघडून नुसतीच बघत बसले आणि समोर डबे, ऑक्टोबरात भरून ठेवलेला ड्रॅगनफ्रूटचा गर, लाल आतल्याचा.

आणि ड्रॅगनफ्रूट हा कॅक्टस आहे! आपल्या जिल्ह्यात सिमेंटच्या खांबांवर चढवून ओळीनं उभा असलेला, ज्याला आपण फळबाग म्हणतो, ताडसरचा माल २०२१ च्या जूनमध्ये दुबईला गेला तेव्हा सगळीकडं बातम्या झाल्या, आणि मी निवडुंग शोधायला जतला माणूस लावला होता. पोर्चमध्ये ठेवायला आणलेल्या कुंड्यांत काही छोटे, लाल टोपीचे कॅक्टस होते, त्यातली खालची हिरवी कांडी पण बहुतेक ह्याच्याच जातीची असते, वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं म्हणून तो खालच्याच्या जिवावर जगतो.

वहिनींना रात्रीच सगळं खरं सांगितलं. त्या आधी पोरीचं विचारून मग सरबताचं बोलल्या, ते मला लक्षात राहिलं. गर उकळला नाही, हा रंग बिटाच्या घराण्यातला, उकळला की तपकिरी पडतो, नुसता गाळून लिंबू, साखर, सैंधव आणि थंड पाणी. तिकडच्या बाटलीशेजारी ग्लास ठेवला तर आमचा जास्त गुलाबी. (जास्त प्यायलेल्यांना सकाळी बाथरूममध्ये लाल बघून धक्का बसू शकतो, घाबरू नका, एवढं मात्र आधीच सांगून ठेवलं.)

पार्टी चांगली झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. पोरांनी पोर्चमधल्या सगळ्यात उंच कुंडीला माळ गुंडाळली. काकू दारात उभ्या राहून लांबनं बघत होत्या आणि हातात चॉकलेटची वाटी, त्यातला काटेरी हलवा एकेक करून तोंडात टाकत होत्या. मी म्हणलं, काकू काटा घरात आला की. म्हणाल्या, हा गोड आहे, ह्याला दोष नसतो.

घरी येऊन माझ्या बोटांतली कुसळं काढायला बसले. चिमट्यानं निघतील तेवढी काढली, उरलेल्यांवर फेविकॉलचा थर दिला, सुकल्यावर सोलून काढला, तीनदा. तरी एक अंगठ्यात आठवडाभर होतंच.

पोरीचा डोळा दुसऱ्या दिवशी खरंच जास्त सुजला होता, डॉक्टर म्हणाले तसंच. मग उतरला. नवव्या दिवशी ती कामावर आली, दवाखान्याचा खर्च मी दिला होता, आता जाड हातमोजे आणि प्लॅस्टिकचे गॉगल हुकाला टांगलेले असतात. तिची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

उरलेल्या कांड्या मी टाकायला सांगितल्या होत्या. मावशींनी त्यातली एक मला न विचारता मागच्या कंपाउंडला एका फुटक्या डब्यात खोचली, आणि आता तिला नवीन धारा फुटल्यात. गेल्या आठवड्यात बघितलं तर डब्यावर पोरीच्या अक्षरात मार्करनं लिहिलंय, हात लावू नये. आणि खाली बारीक अक्षरात, हा कॅक्टस नाही.