रात्री दोनला उघडलेला डबा

रविवार, नाइट ऑफ

दुपारी जाग आली. अजून डोकं जड आहे, पण हे आजच लिहायचंय.

काल रात्री वॉर्डात एका पेशंटच्या सासूबाईंनी आमच्या धाकट्या सिस्टरला ऐकवलं, "तुम्हीच एवढ्या जाड, आणि आमच्या सुनेला म्हणे गोड खाऊ नको." सुनेला गरोदरपणात शुगर निघालीय, तेव्हा सांगणं भागच होतं. पोरगी काही बोलली नाही, बीपीचा पट्टा गुंडाळत राहिली. मला मात्र ते फार लागलं. ही मुलगी नर्सिंग कॉलेजातून आली तेव्हा अगदी बारीक होती. तिचं वजन माझ्या डोळ्यांदेखत वाढलंय, आणि ते आळसाने वाढलेलं नाही.

आमची नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. घरातून निघताना जेवावं तर भूक नसते. नऊला डबा काढावा म्हटलं की लेबर रूममधून हाक येते, कुणाच्या तरी कळा वाढलेल्या असतात. डिलिव्हरी, मग बाळाचं वजन, बाळंतिणीचं ब्लीडिंग बघणं, कागदपत्रं. डबा उघडतो तो दीड-दोनला. पोळ्या वातड झालेल्या, भाजीचं तेल वर आलेलं. आणि टेबलावर पुडा उघडाच असतो. प्रसूतीच्या वॉर्डात गोडाला खंड नाही. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी (हा भेद मला अजूनही खटकतो, पण तो विषय वेगळा). लोक इतक्या आनंदाने हातावर ठेवतात की नाही म्हणवत नाही. गार पोळी चावत बसायला वेळ लागतो, पेढा उभ्या-उभ्या खाता येतो. वर मावशींनी केलेला चहा, त्यात साखर आधीच पडलेली. की पुन्हा ग्लोव्हज.

हेच खाणं सकाळी खाल्लं असतं तर अंगाने वेगळं वागवलं असतं. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असतं, इन्सुलिनचं काम मंदावतं, त्यामुळे तेवढ्याच खाण्याने रक्तातली साखर जास्त चढते. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूकही वाढते, आणि मन तळलेल्या-गोडाकडेच धावतं. अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० नर्सेसना घेऊन एक मोठा अभ्यास सुरू झाला, १९८९ला दुसरी तुकडी आली. या दोन्ही तुकड्यांतल्या पावणेदोन लाखांहून अधिक जणींची माहिती तपासून २०११ साली निष्कर्ष छापला गेला : दिवसपाळ्यांबरोबर महिन्यात तीन किंवा जास्त रात्रपाळ्या जितकी वर्षं केल्या, तितका टाइप २ मधुमेहाचा धोका चढत गेला. वजनाचा हिशेब धरला तेव्हा तो आकडा बराच खाली आला, म्हणजे पाळीतून मधुमेहाकडे जाणारी एक वाट वजनातूनच जाते. ती वाट आमच्या वॉर्डातून जाताना मी रोज बघते.

"दिवसभर चालताच की, वेगळा व्यायाम कशाला?" हे घरचेही म्हणतात. वॉर्डातलं चालणं म्हणजे दहा पावलं, थांबा, वाका, पुन्हा दहा पावलं. त्याने पाय सुजतात, पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, कंबर धरते. दम लागेल असं चालणं त्यात क्वचितच असतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम. आम्हाला हा दुसराच जास्त हवा, असं माझं ठाम मत आहे. सिझेरियनच्या बाईला ट्रॉलीवरून कॉटवर घेताना जोर मांड्यांवर आला नाही तर सगळा भार कंबरेवर येतो. मी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम करते, भिंतीला टेकून जोर काढते. नाइट उतरल्यावर मात्र मुळीच नाही. आधी झोप.

बारा मेच्या नर्स दिनाला आमची तपासणी होते, वजन लिहून घेतात, पुढे काही नाही. आपल्या लोकांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचा आकडा) २३ला वजन जास्त धरतात आणि २५ला लठ्ठपणा. बायकांच्या कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा. काट्यापेक्षा मला टेपवर जास्त भरवसा आहे. पोटाची चरबी टेप लपवत नाही.

पण टेप लावून जेवणाची वेळ मिळत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषात सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स धरलीय. आमच्याकडे रात्री भरलेल्या वॉर्डाला दोघी. तिथे 'स्वतःकडे लक्ष द्या' असं भाषण नको, माणसं द्या. तोवर निदान एवढं तरी : नाइटला दोघींनी आळीपाळीने अर्धा तास, साडेनऊ ते अकराच्या मध्ये, बसून जेवायचं. तेवढ्या वेळापुरती शेजारच्या वॉर्डातली एक सिस्टर आमच्याकडे लक्ष ठेवेल, मग आम्ही त्यांच्याकडे. चेंजिंग रूममध्ये डबा गरम करायला एक शेगडी. चहाची साखर वेगळी.

इन्चार्ज सिस्टरशी बोलणं झालंय, त्या मेट्रन मॅडमकडे अर्ज न्यायला तयार आहेत. मसुदा मी लिहितेय. धाकटीची सही पहिली घेणार आहे.