पुरावा आणि म्हणणं यांच्या मधला चौकोन

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीच्या वहीत मी पेन्सिलीने एक रिकामा चौकोन काढला आणि वही तिला परत दिली. शेरा लिहिला नाही, लाल रेघ ओढली नाही. दोन वाक्यांच्या मध्ये फक्त तो चौकोन.

"मॅडम, इथे काय लिहायचंय?"

"तेच मला वाचायचंय."

विषय होता, हायस्कूल सकाळी उशिरा भरावं का. तिने इंग्रजीत लिहिलेलं मराठीत सांगायचं तर असं होतं: अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 साली शिफारस केली, की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. म्हणून आपली शाळा उशिरा भरली पाहिजे.

पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं तिचं म्हणणं आहे, ते मांडायचा तिला पूर्ण हक्क आहे. पण पहिल्यावरून दुसऱ्यावर ती पोचली कशी? त्या "म्हणून"मध्ये सगळा प्रवास दडलेला होता आणि तो तिने लिहिलाच नव्हता. माझ्यापुरतं, हायस्कूलच्या इंग्रजीच्या तासाला शिकवण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट त्या चौकोनात आहे.

आधी ती म्हणाली, "ते डॉक्टर आहेत ना!" मी विचारलं, उद्या दुसऱ्या डॉक्टरांनी उलट सांगितलं तर? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांनी असं का सांगितलं, ते मला बघायला लागेल." दुसऱ्या दिवशी ती अर्धं पान भरून घेऊन आली. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे मुलांनी ठरवलं तरी त्यांना लवकर झोप लागत नाही. तेरा ते अठरा या वयात 8 ते 10 तास झोप लागते. अकराला डोळा लागला आणि सहाला उठावं लागलं, तर हिशोब सातवरच थांबतो. आणि मग तिचं वाक्य: शरीर कुठल्या देशात आहे ते बघून झोपत नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं इथेही लागू होतं.

चौकोन भरला.

या चौकोनाला नावं आहेत. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने 1958 साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात म्हणणं आणि पुरावा यांना जोडणाऱ्या दुव्याला तो "वॉरंट" म्हणतो. पण वर्गात मी "वॉरंट" म्हटलं, की मुलांना आधी पोलीसच आठवतात. त्यामुळे मी न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला डोंगर फळ्यावर काढते. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण तिथे धूर दिसतो, हा हेतू. जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. या डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर आग आहे, हे निगमन. आमच्या मुलांच्या लिखाणात धूर असतो आणि आग असते. धुराचा आगीशी संबंध काय, ते कुणी लिहीत नाही, कारण लिहिणाऱ्याला ते उघड वाटतं. वाचणाऱ्याला ते उघड असेलच असं नाही, हे पटायला मुलांना बराच वेळ लागतो. मोठ्यांनाही लागतो.

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या मुलांसाठी ए.पी. इंग्लिश लँग्वेज नावाची परीक्षा असते. तिच्यात तीन निबंध असतात आणि प्रत्येकाला 6 गुण. त्यांपैकी भूमिका स्पष्ट मांडण्याला फक्त 1, पुरावा आणि त्यावरच्या भाष्याला 4, आणि उरलेला 1 विचाराच्या प्रगल्भतेला. आमची मुलं त्या परीक्षेला बसत नाहीत. तरी ही वाटणी मी त्यांना सांगते, कारण त्यांचा सगळा जीव पहिल्या वाक्यात अडकलेला असतो. सुरुवात जोरदार झाली की निबंध झाला, असं त्यांना वाटतं.

अनेक वर्षं मी पाच परिच्छेदांचा साचा शिकवला. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. घाबरलेल्या मुलाला तो आधार देतो, हे मी आजही मानते. पण त्या साच्यात मुलं तीन मुद्दे शोधत बसतात, एका मुद्द्याच्या तळाशी जात नाहीत. तिसरा मुद्दा तर बहुतेक वेळा फक्त आकडा पुरा करण्यासाठी आलेला असतो. आता मी एकच मुद्दा मागते, पण अख्खं पान मागते.

आता वाचनाकडे येते. हा चौकोन मला खरं तर वाचनातूनच सापडला.

एखाद्या उताऱ्याचं विश्लेषण करा म्हटलं, की मुलं लेबलं लावतात. ॲरिस्टॉटलची ईथॉस (बोलणाऱ्यावरचा विश्वास), पॅथॉस (भावना), लोगॉस (तर्क) ही त्रयी पाठ असते. "लेखक इथे पॅथॉस वापरतो" असं लिहून पेन खाली ठेवतात. नाव सांगितलं म्हणजे काम कळलं असं होत नाही. हातोडीला हातोडी म्हटल्याने खिळा कसा बसला ते समजत नाही. म्हणून मी समासात दोन रकाने आखायला लावते. एकात लिहायचं, लेखक काय म्हणतो. दुसऱ्यात लिहायचं, लेखक काय करतो. दुसऱ्या रकान्यात क्रियापदच हवं: मान्य करतो, खोडतो, मर्यादा घालतो, थांबवतो, वाचकाला आपल्या बाजूला बसवतो. पहिला रकाना भराभर भरतो, दुसऱ्यावर मुलं अडून बसतात. त्या अडण्यासाठीच मी तास राखून ठेवते.

यंदा अमेरिकेत काळ्या लोकांच्या समान हक्कांसाठी लढणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र घेतलं. आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात निवेदन दिलं होतं, की वर्णभेदाविरुद्धची ही निदर्शनं शहाणपणाची नाहीत आणि वेळेला धरून नाहीत. किंग यांनी उत्तर लिहायला सुरुवात केली ती त्याच वर्तमानपत्राच्या समासात. हे सांगितल्यावर मुलं आपापल्या समासांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागली.

पत्राच्या सुरुवातीलाच ते त्या धर्मगुरूंचा सद्भाव आणि प्रामाणिकपणा मान्य करतात. एका मुलाने पहिल्या रकान्यात लिहिलं, "स्तुती करतो." दुसऱ्या रकान्यापाशी तो खूप वेळ थांबला आणि मग लिहिलं, "भांडण संपवतो, म्हणजे वाद सुरू करता येईल." हे मी फळ्यावर लिहिलं आणि आठवडाभर पुसू दिलं नाही.

मग ते लांबलचक वाक्य आलं. "थांबा" म्हणणाऱ्यांना उत्तर देणारं, तीनशेहून जास्त शब्दांचं एकच वाक्य. "जेव्हा तुम्ही पाहता", "जेव्हा तुम्हाला" अशी गौणवाक्यं एकामागून एक येत राहतात. झुंडीने घेतलेले जीव, आणि जाहिरातीत पाहिलेल्या करमणूक बागेत तुला प्रवेश नाही, हे सहा वर्षांच्या मुलीला समजावताना अडखळणारी जीभ. मुख्य वाक्य येतच नाही. ते अगदी शेवटी येतं: तेव्हा तुम्हाला कळेल, आम्हाला थांबणं का जड जातं.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि काहीच विचारलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तासाला तोंड उघडत नाही, म्हणाली, "मॅडम, ते आपल्याला थांबायला लावतायत." वर्गात शांतता झाली. वाक्याचा अर्थ आणि वाक्याची रचना एकच काम करत होती, आणि तिने ते कानाने ओळखलं होतं. पॅथॉस हा शब्द तिने उच्चारलासुद्धा नाही.

तेव्हापासून लिहिणं आणि वाचणं यांचे तास मी वेगळे ठेवत नाही. दुसऱ्याच्या लिखाणात सांधा कुठे आहे हे ज्याला दिसतं, त्याला स्वतःच्या लिखाणातला निखळलेला सांधाही दिसायला लागतो. सराव अगदी साधा ठेवलाय. दहा मिनिटं लिहायचं, वही शेजाऱ्याला द्यायची, त्याने चौकोन काढायचे. शेजाऱ्याने व्याकरणाला हात लावायचा नाही. ते माझं काम, आणि तेही नंतरचं.

पूर्वपक्षासाठी एक अट आहे. समोरच्याचं म्हणणं असं लिहायचं, की ते मानणाऱ्या वर्गमित्राने वाचून "हो, मला हेच म्हणायचंय" असं म्हटलं पाहिजे. तोवर उत्तर लिहायचं नाही. ही अट मुलांना सगळ्यात जाचक वाटते. "काही लोक म्हणतात, पण ते चुकीचं आहे" या एका ओळीत प्रतिपक्ष उरकायची त्यांना सवय असते. आणि मे (कदाचित), ऑफन (बऱ्याचदा), मोस्ट (बहुतेक) असे सावध इंग्रजी शब्द वापरले की आपलं म्हणणं लेचंपेचं होतं, असंही त्यांना वाटतं. मी त्यांना विचारते, "सगळी मुलं उशिरा झोपतात" हे वाक्य खोडायला किती मुलं लागतील? एक. आणि "बहुतेक मुलं उशिरा झोपतात" हे खोडायला?

त्या चौकोनवाल्या मुलीला पूर्वपक्ष तिच्याच शेजाऱ्याने दिला. तो लांबून येतो. एकच बस आधी लहान मुलांना आणि मग मोठ्यांना आणते, पालकांना कामावर वेळेत पोचायचं असतं, आणि शाळा उशिरा सुटली तर मैदानावर खेळायला उजेड उरत नाही. हे तिने त्याच्या शब्दांत नीट उतरवून घेतलं. मग कॅलिफोर्नियाचा कायदा शोधून आणला: 2019 साली मंजूर झालेला, 2022 पासून लागू झालेला, हायस्कूल साडेआठच्या आधी भरवू नका असं सांगणारा. हे जमू शकतं, याचा तो पुरावा होता. तिने तो लिहिला, आणि पुढे स्वतःच चौकोन काढला. एका राज्याला कायद्याने जमलं, म्हणून एकच बस असलेल्या एका शाळेला जमेल का? दोन दिवस तो चौकोन तसाच होता.

शुक्रवारी तिने वही दिली तेव्हा पहिल्या ओळीतली भूमिकाच बदललेली होती. शाळा उशिरा भरावी, ही मागणी तिने खोडली होती. त्याजागी लिहिलं होतं: बसची वेळ बदलणं सध्या शक्य दिसत नाही, पण मुलांचं शरीर सकाळी पुरतं जागं नसेल, तर निदान पहिल्या तासाला परीक्षा ठेवू नये, कारण त्या वेळच्या गुणांत अभ्यासाबरोबर झोपही मोजली जाते.

मी पेन्सिल हातात घेऊन ते तीनदा वाचलं. चौकोन काढायला मला जागा सापडली नाही.