बागेच्या ट्रॅक्टरला पुढे अरुंद टायर

स्टीअरिंग जड झालं की सगळ्यांचं लक्ष आधी स्टीअरिंगच्या गिअरकडे जातं. आमच्या ट्रॅक्टरचा गिअर ठणठणीत होता, टाय रॉडचे (पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) जॉइंट घट्ट होते, किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळ्याभोवती डावी-उजवीकडे वळतं त्याला, ग्रीस वेळच्या वेळी मिळत होतं. तरी ओळीच्या टोकाला वळताना खांदा भरून यायचा. मूळ सापडलं ते पुढच्या टायरमध्ये. कंपनीकडून आलेले टायर होते १६×६.५०-८, म्हणजे सोळा इंच उंच, साडेसहा इंच रुंद, आठ इंची रिमवर बसणारे आणि हिरवळीसाठीची उथळ नक्षी असलेले. ते उतरवून मी ४.८०-८ मापाचे, म्हणजे पावणेपाच इंचांच्या आसपास रुंदीचे, अरुंद टायर चढवले. बाबांनी सत्तरी ओलांडली आहे आणि माझं उजवं मनगट एकदा मोडून जुळलेलं आहे. आता दोघांनाही ट्रॅक्टर एका हाताने वळवता येतो.

कंपन्या रुंद टायर देतात त्यालाही कारण आहे. अशा ट्रॅक्टरचा मोठा वेळ गवत कापण्यात जातो, आणि रुंद टायर वजन जास्त जागेवर पसरवत असल्यामुळे हिरवळीवर चाकोरी उमटत नाही. पण आमच्याकडे गवत कमी आणि भाजीचे वाफे जास्त. नांगरट, सरी पाडणं, खताची ट्रॉली ओढणं हीच त्याची कामं. अशा कामाला जुने लोक पुढे अरुंदच टायर लावत आले आहेत. १९४७ साली बाजारात आलेल्या फार्मॉल कब या छोट्या ट्रॅक्टरला पुढे ४.००-१२ चे टायर असत आणि त्याच सुमाराच्या फोर्ड ८एनला ४.००-१९ चे. ज्याला ओळीतून चालायचं आहे त्याचं पुढचं चाक अरुंद, हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

स्टीअरिंग जड का होतं, हे मला पहिल्यांदा नीट दिसलं ते कोरड्या काँक्रीटवर. ट्रॅक्टर जागेवर उभा ठेवून स्टीअरिंग फिरवलं, मग थोडा मागे घेऊन खाली पाहिलं. जिथे चाक टेकलं होतं तिथे रबराचा काळा डाग उमटला होता, मधे पुसट आणि दोन्ही कडांना गडद. याचा अर्थ घासणं कडांवर जास्त होत होतं. टायर जागेवर वळतो तेव्हा त्याची एक कड पुढे सरकते, दुसरी मागे. पट्टा जितका रुंद तितकी त्या कडांना जास्त घासपट, आणि ती सगळी आपल्या दंडातून वसूल होते. उभ्या ट्रॅक्टरचं किंवा अगदी हळू चालणाऱ्याचं स्टीअरिंग जड असण्याचं मुख्य कारण हे.

चालत्या ट्रॅक्टरचं दुखणं वेगळं. तिथे त्रास झटक्यांचा. चाकाच्या मधोमध एक उभी रेघ कल्पा आणि किंगपिनचा आस सरळ जमिनीपर्यंत वाढवा. या दोन्ही खुणांमध्ये जमिनीवर जे अंतर पडतं ते महत्त्वाचं. किंगपिन म्हणजे बिजागरी धरली तर चाक म्हणजे दाराची फळी. बिजागरीपासून लांब हात लावला की दार सहज हलतं. तसंच, किंगपिनपासून लांब असलेल्या चाकाला दगड लागला की तो चाकाला सहज पिळतो आणि झटका थेट मनगटात येतो. रुंद टायरची बाहेरची कड तर आणखी लांब असते, त्यामुळे कडेला लागलेला छोटा दगडही स्टीअरिंग हिसकावतो. माझ्या मनगटाला त्रास व्हायचा तो या झटक्यांचा.

म्हणून टायर नुसता बारीक करून भागत नाही, चाक आत घ्यावं लागतं. जुना टायर साधारण १६५ मिलिमीटर रुंद, नवा १२० च्या आसपास. टायरची आतली कड होती तिथेच ठेवली तर चाकाचा मध्य प्रत्येक बाजूला वीस-बावीस मिलिमीटर किंगपिनकडे सरकतो. पुष्कळ लोक दिसायला बरं म्हणून स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) घालून अरुंद चाक बाहेर काढतात. त्याने जागेवर वळवणं हलकं होतं, पण झटके तसेच राहतात. आमच्या ट्रॅक्टरला मी स्पेसर लावलेलेच नाहीत.

चाक आत घेतल्यावर ट्रॅक्टर कलंडेल का, ही शंका बाबांनी काढली आणि ती रास्त होती. पण पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. जोवर तो झुलून थांब्याला टेकत नाही तोवर पुढच्या बाजूचा आधार त्या पिनवरच असतो, चाकांमधल्या अंतरावर नाही. चढउतारावर सावरून धरण्याचं काम मागची चाकं करतात. त्यांना आम्ही हात लावला नाही.

आता रिम. जुन्या रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा प्रयत्न कोणी करू नये. ६.५० चा टायर ज्या रिमवर बसतो ती सव्वापाच इंचांहून थोडी जास्त रुंद असते, ४.८० च्या टायरला पावणेचार इंचांची रिम लागते. रुंद रिमवर त्याची कड नीट बसत नाही आणि वळणावर भार आला की निसटू शकते. म्हणून रिम आणि टायर दोन्ही बदलावे लागतात. हा टायरही उंचीला सोळा इंचांच्या जवळपासच भरतो, त्यामुळे ट्रॅक्टरचं नाक वरखाली होत नाही आणि गवत कापायच्या डेकची पातळीही बिघडत नाही. चारही चाकांना ताकद जाणारा ट्रॅक्टर असेल तर मात्र हा उद्योग करू नका. तिथे पुढच्या-मागच्या टायरच्या घेराचं प्रमाण ठरलेलं असतं.

खरी मेहनत हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या नळीची. आमचा स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. बाजारात सहज मिळणारी २० मिलिमीटर भोकाची बेअरिंग त्यावर चढतात, पण जवळजवळ एक मिलिमीटर ढिली राहतात, आणि तेवढ्यावर चाक डुगडुगतं. मी अरुंद रिमच्या मधला पाइप कापून काढला, लेथवर नवा हब करून घेतला आणि इंची मापाची फ्लँजची बेअरिंग त्यात ठोकली. हबची लांबी जुन्या हबइतकीच ठेवली, म्हणजे वॉशर आणि सर्क्लिप (चाक निसटू नये म्हणून दांड्याच्या खाचेत बसणारी कडी) पूर्वीच्याच जागी बसतात. सर्क्लिप खाचेत बसताना टक् असा आवाज आला पाहिजे. मग चाक दोन्ही हातांनी धरून आतबाहेर हलवायचं. कागदाच्या जाडीएवढी हालचाल चालते, त्याहून जास्त असेल तर पातळ वॉशर वाढवायचा. एकचाकी हातगाडीचं आयतं चाक बसवायचा मोह होतो, पण त्याची रिम आणि बुश सरळ वजनासाठी असतात, वळताना येणारा आडवा रेटा सोसण्यासाठी नाही.

नक्षी मी तीन रिबची, म्हणजे टायरभोवती फिरणाऱ्या तीन उंच धारांची घेतली, मोठ्या ट्रॅक्टरला पुढे असते तशी. तिचा उपयोग नांगराच्या वेळी कळला. मागे नांगर जमिनीत असताना जुने टायर वळवले तरी ट्रॅक्टर सरळच जायचा आणि पुढची चाकं आडवी घसरत माती ढकलायची. रिब मातीत रुतते आणि आडवं घसरू देत नाही, त्यामुळे चाक जिकडे वळवलं तिकडे ट्रॅक्टर जातो. सरीतही चाक अंगासरशी बसतं, कडेचा वरंबा ढासळत नाही. मला विचाराल तर हलक्या स्टीअरिंगपेक्षाही हा फायदा मोठा आहे.

अरुंद टायर ओल्या मातीत खोल रुततो, आणि ओल्या हिरवळीवर रिबच्या रेघा उमटतात. पुढे लोडर (माती उचलायचं सुपडं) असेल तर भारही बघावा लागतो. ४.८०-८ चा बी लोड रेंजचा (भार पेलण्याच्या बी दर्जाचा) टायर ६० पीएसआय हवेला सुमारे २६८ किलो पेलतो, पण हवा कमी केली की ही क्षमताही उतरते. आमच्याकडे लोडर नाही, त्यामुळे मी बरीच कमी हवा ठेवते, टायर किंचित दबलेला दिसेल इतकी.

टायर बदलल्यावर टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे किती कललेली आहेत ते, पुन्हा मोजलं. पुढच्या दोन चाकांच्या मध्यरेषांमधलं अंतर त्यांच्या समोरच्या कडेला आणि मागच्या कडेला घ्यायचं, समोरचं तीनेक मिलिमीटर कमी हवं. आमचं जास्त निघालं, मग टाय रॉडचा नट सैल करून जुळवलं. स्टीअरिंग पूर्ण वळवून चाक डेकला घासत नाही ना, तेही दोन्ही बाजूंना पाहिलं.

रुंद चाकं रिमसकट भिंतीला टांगून ठेवली आहेत. हब सारख्याच लांबीचे असल्यामुळे अदलाबदलीला जॅक आणि सर्क्लिपचा पक्कड एवढंच लागतं. सलग गवत कापायचे दिवस आले की ती पुन्हा चढवते.