किती एक्सची दुर्बीण घेऊ?

आमच्याकडे देवगडला आंब्याचा सीझन संपला की पॅकिंगची शेड रिकामी होते. पेट्या एका अंगाला रचल्या की पंधरा मीटर मोकळी लांबी मिळते आणि पावसाळाभर तिथे मी गावातल्या मुलांना एअर रायफल शिकवते. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टूची रायफल हातात घेतली तेव्हापासूनचं हे वेड आहे. त्यामुळे फोन येतात, आणि विचारणारा मुंबईचा असो नाहीतर कणकवलीचा, प्रश्न तोच, ताई, बंदुकीला किती एक्सची दुर्बीण घेऊ? परवा परत दोघांनी विचारलंत म्हणून आता सगळं एकदाच लिहिते.

एक्स म्हणजे दुर्बीण, म्हणजेच स्कोप, किती पट मोठं दाखवतो तो आकडा, आणि तो सगळ्यात शेवटी बघा. आधी मला सांगा बंदूक कुठली आणि अंतर किती.

बहुतेकांकडे नळी वाकवून भरायची स्प्रिंगची एअरगन असते, आणि तिचा झटका दोन्हीकडून बसतो हे दुकानदार सांगत नाही. चाप ओढला की आतला पिस्टन पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन थांबला की बंदूक पुढे खेचली जाते. मोठ्या रायफलचे बरेच स्कोप फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेले असतात. माझ्या चुलतभावाने हौसेनं तसला एक ३-९×४० (म्हणजे ३ ते ९ एक्स, पुढचं भिंग ४० मिमीचं) घेतला, चांगला महागाचा, आणि दोन-तीनशे छर्ऱ्यांत आतली नेम धरायची फुली सैल झाली, कानाशी धरून हलवला तर खुळखुळ ऐकू यायची. त्याआधी आठवडाभर बिचारा आपलाच नेम गेला समजून रोज सकाळ-संध्याकाळ प्रॅक्टिस करत बसला होता. म्हणून स्प्रिंगची बंदूक असेल तर एअरगनसाठीच बनवलेला स्कोप घ्या, आणि माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीवर धरून ठेवणारी पकड, अखंड एका तुकड्याचा, खाली सरकणं अडवणारी स्टॉप पिन असलेला घ्या, दोन सुट्या रिंगा बंदुकीवरच्या ११ मिमीच्या खाचेत हळूहळू मागे सरकत जातात.

आता अंतर. खिडकीच्या गजातून समोरचा माड बघा आणि डोकं जरा डावी-उजवीकडे हलवा, माड गजामागून सरकतो ना? स्कोपमध्ये फुली आणि टार्गेट यांचं तसंच होतं, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. मोठ्या रायफलचे स्कोप सहसा १०० यार्डांवर जुळवलेले असतात, तिथे डोकं हललं तरी फुली टार्गेटवरच राहते. तोच स्कोप १० मीटरवर वापरलात तर गाल दस्त्यावर रोज जरा वेगळा टेकला तरी छर्रा सेंटीमीटरभर इकडेतिकडे जातो, शिवाय एक्स वाढवले की टार्गेट धुरकट दिसतं ते वेगळंच. म्हणून पुढच्या भिंगाभोवती अंतर जुळवायची फिरणारी रिंग असलेला, एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) लिहिलेला, १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोप बघा. ही एक गोष्ट दहा एक्सपेक्षा मोलाची आहे.

आणि एक्स जास्त म्हणजे नेम चांगला असं नसतं हो. ४ एक्सला फुली शांत दिसते, १२ एक्सला तुमच्या नाडीचा प्रत्येक ठोका दिसतो, आणि नवीन पोरगं त्या हलणाऱ्या फुलीच्या मागे लागतं, आत्ता बरोबर आली म्हणून चाप झटकन ओढतं, आणि तिथेच शॉट जातो. मी पहिले सहा महिने कुणाला स्कोप देतच नाही.

उजेडाचं गणित मात्र माहीत असू द्या. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले एक्स, म्हणजे ४×३२ मधून डोळ्यापर्यंत ८ मिमीचा प्रकाशाचा गोल येतो, ३-९×४० ला ९ वर ठेवलं तर जेमतेम साडेचार. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते. जर्मनीत रानडुकरं रात्री मचाणावरून मारायची कायदेशीर पद्धत आहे, तिथले शिकारी पिढ्यानपिढ्या ८×५६ वापरतात ते याच हिशोबानं, ५६ भागिले ८ बरोबर ७.

रानडुकरांचा विषय निघालाच आहे तर बोलते, कारण निम्मे फोन त्यासाठीच असतात. एका रात्रीत भाताचा कोपरा उकरून टाकलेला मी पाहिलाय, वानरांनी अर्धे खाऊन टाकलेले नारळ गोळा केलेत, त्यामुळे तुमचा राग मला कळतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि पिकांचं नुकसान होत असेल तर रस्ता वनखात्याकडून जातो, स्कोपच्या दुकानातून नाही. शेती संरक्षणाचा बंदुकीचा परवाना घरात आहे म्हणजे जनावर मारायची परवानगी आहे असंही नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एअरगननं तर नकोच नको. ४.५ मिमीचा छर्रा असतो अर्ध्या ग्रॅमचा, तो माकडाला मारत नाही, आत रुतून बसतो आणि ते जनावर कितीतरी दिवस झिजत राहतं. माझ्याकडे शिकलेल्या कुणी हे केलेलं कळलं तर त्याला शेडमध्ये जागा नाही, हे मी पहिल्याच दिवशी आईवडिलांसमोर सांगते.

दुसरा फोन पालकांचा. मुलाला ऑलिम्पिकला पाठवायचंय, चांगला स्कोप सांगा. अहो, ऑलिम्पिकच्या रायफलवर स्कोप नसतोच! १० मीटरला काय आणि ५० मीटरला काय, मागे बारीक भोकाची साइट आणि पुढे गोल कडी, बस. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो भिंगाशिवाय मारायचा असतो. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये गोल्ड घेतलं ते असंच. घाटावरच्या आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनच्या, म्हणजे पालथं झोपून मारायच्या प्रकारात वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, सगळं स्कोपशिवाय. तेव्हा पोराला त्या वाटेवर पाठवायचं असेल तर स्कोपचे पैसे चांगल्या शूटिंग जॅकेटला ठेवा.

बरं, घेतलात स्कोप. बसवताना उभी रेघ खरंच उभी आहे का ते बघा. मी गवंड्याचा ओळंबा पडवीत टांगते, बंदूक सरळ बांधून ठेवते आणि स्कोपमधून दोरी बघत रेघ दोरीवर आणते, मग स्क्रू थोडे थोडे आलटून पालटून आवळते, एकदम एक पूर्ण आवळला की स्कोप फिरतो. रेघ तिरकी राहिली तर जवळ कळत नाही, लांब गेलात की छर्रा बाजूला पडायला लागतो.

मग झिरो करायचं, म्हणजे ठरलेल्या अंतरावर फुली जिथे तिथेच छर्रा लागेल असं जुळवायचं. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवा (स्प्रिंगची असेल तर पिशवीवर आपला हात आणि हातावर बंदूक, थेट टेकवली की ती उडते), पाच छर्रे मारा, पाचांचा मध्य काढा, मगच स्कोपवरचा फुली सरकवायचा नॉब फिरवा. प्रत्येक छर्ऱ्यामागे नॉब फिरवत बसलात तर दिवस जाईल. नॉबवर पाव एमओए (एमओए हे कोनाचं छोटं माप) लिहिलेलं असतं, म्हणजे एका क्लिकला १०० मीटरवर साधारण ७ मिलिमीटर, पण १० मीटरवर त्याचा दहावा भाग, पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. छर्रा ३ सेंटीमीटर खाली लागतोय तर चाळीसेक क्लिक लागतात. लोक चार क्लिक फिरवतात, काही बदलत नाही, आणि मला फोन करतात की पीस खराब आलाय.

स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर असतो हेही विसरू नका. कलमांच्या बागेत २० मीटरला झिरो केलेली माझी बंदूक ५ मीटरवर दोनेक सेंटीमीटर खाली मारते, जवळ आहे म्हणून बरोबर बसेल असं होत नाही. आणि टार्गेट चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर लावू नका, कृपा करून. छर्रा उलटा येतो. लाकडी खोक्यात वाळू भरा, आणि बघणाऱ्यांच्यासुद्धा डोळ्यांवर चष्मा असू द्या.

राहिला आपला पाऊस, आणि माझ्या मते कोकणात स्कोप निवडताना यालाच पहिला मान द्यायला हवा. नायट्रोजन भरलेला, वॉटरप्रूफ लिहिलेला घ्या, तो आतून धुकट होत नाही. पण बाहेरच्या काचेला बुरशी धरतेच. एका वर्षी मी स्कोप फोमच्या बॅगेत घालून कपाटात ठेवला आणि गणपतीनंतर काढला तर भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, पुसून गेले पण कोटिंगवर डाग कायमचा राहिला. इतकं वाईट वाटलं की आठवडाभर मी तो स्कोप परत हातात घेतला नाही. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकाला न वापरायच्या जुन्या तव्यावर मंद गरम करून परत निळे करते. तांदूळ घालू नका, त्याची पूड भिंगावर बसते. आणि समुद्रावरून आल्यावर काच पदरानं पुसायची नाही, खारट वाऱ्यातले मिठाचे कण चरे पाडतात, आधी फुंकणीनं उडवायचे, मग लेन्सचा कागद.

तर स्प्रिंगची एअरगन आणि १० ते २५ मीटर असेल तर ४×३२, एओवाला, अखंड माउंट. उरलेल्या पैशांत दोन-तीन वेगवेगळ्या वजनांचे छर्ऱ्यांचे डबे घ्या आणि तुमच्या नळीला कुठला मानवतो ते मारून बघा, ते मी फोनवर सांगू शकत नाही. शेडमध्ये यायचं असेल तर जूनचा दुसरा आठवडा उजाडू दे, तोवर तिथे आंबे असतात.