काकांची चिठ्ठी आणि आमच्या गावची भट्टी

दादरला येऊन दोन दिवसही झाले नव्हते. सकाळी पोहे खाता खाता काकांनी विचारलं, "काय गं, तुमच्या गावात इलेक्ट्रिक बसवतायत म्हणे?"

काकूंनी डाव जरा जोरातच ठेवला. "सकाळी सकाळी कसले विषय काढता हो! पोर दोन वर्षांनी आलीय."

दादरच्या घरात 'इलेक्ट्रिक' म्हणजे स्मशानातली विद्युतदाहिनी, हे सांगावं लागत नाही. 'लाकडात की इलेक्ट्रिकमध्ये?' हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकलाय, तोही बाहेरच्या खोलीतून कुजबुजत आलेला. पुढचं काही ऐकलेलं नाही, कारण पुढे पुरुष जात आणि आम्ही घरी थांबत असू. बाबांच्या वेळीही मी दारापर्यंतच गेले. शववाहिनी कोपऱ्यावरून वळली आणि कुणीतरी म्हणालं, "चला, आंघोळीचं बघा."

म्हणून हे सांगायला जरा विचित्र वाटतं, पण दहन म्हणजे काय ते मी पहिल्यांदा पाहिलं ते इंग्लंडात. आम्ही लेस्टरच्या बाहेर एका छोट्या गावात राहतो. 2019 मध्ये सासूबाई आमच्याकडे असतानाच गेल्या. दादरला सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळपर्यंत पोचवून लोक घरी येतात. आम्हाला तारीख मिळाली सोळा दिवसांनंतरची. कागदपत्रं, डॉक्टरांच्या सह्या, मग रिकामी वेळ. तोवर दहावा उलटून गेला, आणि देह अजून शीतपेटीत! दादरच्या गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "दहनापासून मोजा. परिस्थितीच तशी आहे." मला त्या दोन मिनिटांबद्दल गुरुजींविषयी फार आदर वाटला.

फ्यूनरलवाल्यांनी आधी एक कागद दिला होता, पेटीत काय ठेवू नये याचा. रबरी तळव्यांचे बूट नको, बाटल्या नकोत, पेसमेकर काढलेला हवा कारण तो आत फुटतो. आणि त्याच यादीत नारळ! तो साहेबाच्या यादीत कुणामुळे आला असेल, हे कळायला फार डोकं लागत नाही. शेवटच्या रकान्यात, सांध्यात बसवलेला धातू पुनर्वापराला दिला तर चालेल का, असं विचारलं होतं. सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्यांनी डबे-बाटल्यासुद्धा कधी टाकल्या नाहीत. द्या."

मागच्या खोलीत चौघांना जाता येत होतं. स्टीलचं दार, भिंतीवर हिरवं बटण. नवऱ्याचा हात थरथरत होता म्हणून मी माझा हात त्याच्या हातावर ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ते दाबलं. मुखाग्नी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. दादरच्या घरी हे कुणी मला करू दिलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अस्थी मिळाल्या. सावडण्यासारखं काही नव्हतंच. तिथे हाडं यंत्रात दळून देतात. डबा उघडला तर जाडसर, फिकट राखाडी रांगोळी. बॅरो अपॉन सोअर नावाच्या गावी होडीतून नदीत विसर्जन करता येतं. लेस्टरची बरीच हिंदू मंडळी तिथे जातात, आम्हीही गेलो.

तर ती सगळी भट्टी गॅसवरची होती. ब्रिटनमध्ये बहुतेक सगळीकडे अजूनही गॅसच आहे. पाचांतल्या चार जणांचं तिथे दहनच होतं, दफन नाही. एका दहनामागे साधारण 245 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असा आकडा तिथे सर्रास दिला जातो. शिवाय दातांत भरलेल्या चांदीतला पारा. तो धुराड्यातून जाऊ नये म्हणून वेगळी गाळणी बसवावी लागते. आमच्या कौन्सिलच्या भट्ट्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि नव्या घ्यायच्या तर गॅसच्या की विजेच्या, यावर बैठक होती. कचऱ्याच्या वेळापत्रकाबरोबर त्याचाही कागद दारातून आत पडला. मी गेले. नागरिकांच्या खुर्च्या बारा, आम्ही पाच जण.

मला वाटलं होतं, वातावरण गंभीर असेल. कसलं काय! आधीचा विषय पार्किंगचा, नंतरचा खेळाच्या मैदानावरच्या कुत्र्यांचा, मध्ये हा. एका सदस्याने विचारलं, "वीज गॅसपेक्षा चौपट महाग, मग आपण हा उद्योग का करायचा?" अधिकारीबाईंनी शांतपणे समजावलं. गॅसची भट्टी रात्री निवते आणि सकाळी पुन्हा तापवावी लागते. विजेची कायम तापलेलीच ठेवायची, भिंती जाड, धग आतच धरून ठेवतात. त्यामुळे दिवसाला जितकी दहनं जास्त, तितका एकेका दहनाचा खर्च कमी. यंत्र महाग आहे हे खरं, पण त्याहून मोठी डोकेदुखी तेवढ्या दाबाची वीजजोडणी आणण्याची. दुसऱ्याने विचारलं, मधेच वीज गेली तर? माझ्या शेजारची आजी मला हळूच म्हणाली, "मला काय, माझी कुठे घाई आहे?"

शेवटी मीही हात वर केला. विजेच्या भट्टीत ज्वाळा सोडणारा बर्नर नसतो, मग अग्नी कुठून येतो? आमच्यात घरच्यांनी अग्नी देणं महत्त्वाचं असतं, म्हणून विचारते, असंही सांगितलं. बाईंनी फाइल मिटली. आतल्या भिंती आठशे-हजार अंशांना तापलेल्या असतात, पेटी आत गेली की त्या धगीनेच आपोआप पेट घेते, म्हणाल्या. बटण राहील, ते दार उघडण्याचं. मला आमच्या गावाकडची चूल आठवली. निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी नुसतं सरपण टाकायचं, की धरलंच.

मतदान झालं, वीज मंजूर. पुढचा विषय: कुत्रे.

हे सगळं काकांना सांगितलं. काका बेस्टच्या वीज खात्यात बत्तीस वर्षं होते, तेव्हा माझ्याकडून ऐकून घेतील आणि गप्प बसतील अशी आशा नव्हतीच.

"गंमत बघ," ते म्हणाले. "तुम्ही गॅसवरून विजेवर निघालात आणि आम्ही विजेवरून गॅसवर."

खरंच आहे. मुंबई महापालिकेने गेल्या काही वर्षांत बऱ्याच विद्युतदाहिन्या पीएनजीवर नेल्या. स्वयंपाकघरात येतो तोच पाइपातला गॅस. विजेच्या दाहिनीतली तापणारी कॉइल जळायची, दुरुस्तीपायी दाहिनी बंद, लोक रांगेत. लाकूड अजून आहेच. पालिका एका दहनाला 300 किलो लाकूड फुकट देते. पण लोकांच्या तोंडी अजून 'इलेक्ट्रिक'च. गॅसवर नेलं तरी सांगताना 'इलेक्ट्रिकमध्ये केलं'.

"मग आपण मागे गेलो का?" मी विचारलं. खरं सांगते, बैठकीहून आल्यापासून माझ्या मनात तेच होतं. परदेशात राहणाऱ्याला ही खोड लागते. तिथलं काही पाहिलं की लगेच फूटपट्टी घेऊन इकडचं मोजायचं.

काकांनी चष्मा काढला. "बेस्ट वीज बनवते का? नाही. विकत घेते, बरीचशी टाटांकडून. 1915 साली खोपोलीला टाटांनी पाण्यावर वीज काढली, मग भिवपुरी, भिरा. तेव्हा ही मुंबई पाण्याच्या विजेवर चालायची. मग चेंबूरच्या शेजारी ट्रॉम्बेचं पॉवर हाउस आलं, कोळसा आला. आता विद्युतदाहिनीत धूर दिसत नाही म्हणून लोक म्हणतात स्वच्छ. धूर जातो कुठे? चेंबूरकरांना विचार. तुमच्याकडे पॉवर हाउसचा कोळसा बंद झाला, म्हणून तुमची वीज भट्टीत घालायच्या लायकीची झाली. आधी पॉवर हाउस बघायचं, मग भट्टी."

मी गप्प झाले, कारण त्यांचं म्हणणं मला नकाशावर दिसत होतं. ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. कोळशावर गावाला वीज पुरवण्याची सुरुवात झाली तीही त्याच देशात, 1882 मध्ये, लंडनला. रॅटक्लिफ हे आमच्याच बाजूला. आगगाडीतून ते आठ अवाढव्य टॉवर दिसायचे, वर पांढरे ढग. नावातली सोअर म्हणजे तीच नदी. सासूबाईंना आम्ही जिथे सोडलं, तिथून पाणी खाली वाहत जातं ते त्या टॉवरांच्या बाजूने. त्या दिवशी होडीतून परतताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि आपण भारतीय म्हणजे दहनात जन्मजात पुढे, असंही कुणी समजू नये. म्हणजे, पुढे होतो हे खरं! इंग्लंडात पहिलं अधिकृत दहन झालं 1885 मध्ये, वोकिंगला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, 1870 मध्ये, आपले कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले, वय अवघं वीस. अर्नो नदीच्या काठी, दोन नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं, थेट लाकडात. तिथे आजही त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाला 'भारतीयाचा पूल' अशा अर्थाचं नाव आहे. पण इंग्लंडात उघड्यावरच्या चितेसाठी न्यूकॅसलच्या दविंदर घईंना थेट कोर्टात जावं लागलं. 2010 मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला, की वरून उघडी असलेली इमारतही कायद्याने इमारतच.

संध्याकाळी मी काकांना म्हटलं, मला शिवाजी पार्कची स्मशानभूमी आतून बघायचीय. काकू काही बोलल्या नाहीत, पण निघताना म्हणाल्या, "आल्यावर पाय धुऊन ये." आम्ही चालतच गेलो. चैत्यभूमीच्या बाजूला समुद्र तसाच, भरती येत होती. आत भागोजीशेठ कीरांचा पुतळा. रत्नागिरीहून फाटक्या खिशाने आलेला माणूस. ही स्मशानभूमी त्यांच्या दानातून उभी राहिली. एकीकडे लाकडाच्या रांगा, फोडलेल्या, सालीसकट. काकांनी मला बोट दाखवून सांगितलं, "तुझ्या बाबांना तिकडे." एवढंच. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. आंब्याच्या लाकडाचा की कसला, ओला वास येत होता.

परत येताना काका सांगत होते, मागच्या महिन्यात त्यांच्या मित्राला नेलं तेव्हा दाहिनी बंद. कुठल्या ठिकाणी ते सांगत नाही, पण दीड तास गाडीत थांबले, मग दुसरीकडे नेलं. मुलगा बंगळुरूहून आलेला, संध्याकाळचं परतीचं विमान चुकलं.

घरी आल्यावर काकांनी कपाटातून एक वही काढली. वीजबिलं, विमा, बँकेचे नंबर. शेवटच्या पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात, बरीच वर्षं जुनी ओळ: 'लाकूड नको. इलेक्ट्रिकमध्येच न्यावे.' त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं, 'इलेक्ट्रिकमध्येच' खोडलं आणि थांबले. गॅस लिहावं की नाही, याचा विचार करत असावेत. आतून काकू ओरडल्या, "पाय धुतलेत का?"

काकांनी वर लिहिलं, 'जे चालू असेल त्यात', खाली तारीख टाकली आणि वही मिटून पाय धुवायला गेले.