दीड डेसिबल

रविवार, रात्रीचे ११

मित्राचा नवा डॅक, म्हणजे सीडीवरचे आकडे आवाजाच्या विद्युत संकेतात बदलणारी पेटी, आठवडाभर घरी आहे. पहिल्याच रात्री माझं मत होऊन गेलं होतं. तानपुरा मोकळा, डग्ग्याला वजन, गायिका दोन पावलं पुढे सरकून बसलेली. त्यापुढे माझा जुना डॅक मरगळलेला वाटला. तो मी स्वतः सोल्डर करून जोडलाय, फिलिप्सच्या टीडीए १५४३ चिपवर, त्यामुळे जरा लागलंच मनाला.

आज सोक्षमोक्ष लावायला बसलो. सीडी प्लेअरची दोन डिजिटल आउटपुटं: कोअ‍ॅक्सिअल एका डॅकला, ऑप्टिकल दुसऱ्याला, आणि दोघांच्या वायरी अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन इनपुटांत. सीडी एकच वाजते, आपण फक्त नॉब फिरवायचा. त्याआधी पातळी मोजायची म्हणून एका सीडीवर १०० हर्ट्झचा सूर घालून घेतला. माझ्या मल्टिमीटरवर एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्टची; तो दोन व्होल्ट काय मोजणार, कप्पाळ! गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून चांगला मीटर मागून आणला. जुना डॅक २.० व्होल्ट, नवा २.४.

म्हणजे दीड डेसिबलहून किंचित जास्त. गंमत अशी की एवढ्या फरकाला कान ‘मोठा’ म्हणत नाही, ‘चांगला’ म्हणतो. आठवडाभर मी ज्याला मोकळेपणा म्हणत होतो, तो बराचसा ०.४ व्होल्टचा होता तर.

नव्याचा डिजिटल व्हॉल्यूम अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने उतरतो. तीन पायऱ्या खाली आणला, मीटरवर दोन्ही जवळपास जुळले. मग मुलीला नॉबपाशी बसवलं. ती नाणं उडवून इनपुट ठरवणार आणि वहीत लिहिणार, मी पाठ करून ओळखणार. “बाबा, सांग ना लवकर, मला झोपायचंय.” ख्यालावर १६ पैकी ९ बरोबर. मी ऐकायच्या ऐवजी नुसतं नाणं उडवलं असतं तरी एवढे आलेच असते.

भजनाच्या रेकॉर्डिंगवर मात्र १० पैकी ८. टाळांच्या ठिकाणी काहीतरी हाती लागत होतं. त्याला कारणही आहे. माझ्या डॅकमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (सीडीवरच्या नमुन्यांच्या मध्ये हिशेबाने जादा नमुने भरणं) नाही, नंतरचा फिल्टर नाही; सीडीचा एकेक नमुना जिन्याच्या पायरीसारखा तसाच बाहेर येतो. त्यामुळे वरच्या सुरांचा आवाज कमी होतो, १० हजार हर्ट्झला पाऊण डेसिबल, २० हजारला तीनच्या वर. २० हजारचं सोडा, पन्नाशीला टेकलेल्या माझ्या कानांना तिथलं काही येत नाही. पण टाळांचा खणखणाट त्याच्या बराच खाली सुरू होतो. तरी दहाच फेऱ्या, नशीबही असेल. अजून वीस घ्यायच्या होत्या, पण मुलगी वही टाकून दुपारची झोप काढायला गेली.

याच गडबडीत हिने दुपारी स्पीकरसमोरची सतरंजी धुवायला काढली होती, ते मला ठाऊकच नव्हतं. रात्री सहज गाणं लावलं आणि पहिल्याच तानेला दचकलो. खोली टणटण वाजत होती. नाणं नको, वही नको, मीटरही नको. जाऊन आधी वायरी तपासल्या मी, वेड्यासारखा!

मित्राचा फोन आला होता, कसा वाटला विचारत होता. उद्या करतो म्हटलं. सतरंजी अजून ओलीच आहे.